‘एकलव्य’ आणि त्याचा वाचक : केशवराव भोळे यांच्या संगीतपत्रकारितेचा विचार

१

मराठी संगीतसमीक्षेचा इतिहास सांगण्याची जी रीत अभ्यासकांत रूढ झाली आहे, तीत ग्रंथांना अग्रपूजेचा मान आणि नियतकालिकांना तळटीपेची जागा मिळते. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांचे शास्त्रग्रंथ, पुढे वामनराव देशपांडे यांचा ‘घरंदाज गायकी’ (१९६१), त्यानंतर अशोक रानडे यांचे ‘संगीताचे सौंदर्यशास्त्र’ (१९७१), अशी शिखरे मोजीत हा इतिहास पुढे जातो. शिखरांची मोजणी चुकीची आहे असे नाही. परंतु दोन शिखरांच्या मधल्या भूमीत जे लेखन झाले, आठवड्याच्या मुदतीत लिहिले गेले, छापले गेले, वाचले गेले आणि पुढल्या आठवड्यात रद्दीत गेले, त्याची दखल या पद्धतीत घेतली जात नाही. वस्तुतः मराठी श्रोत्याला गाण्याविषयी बोलण्याची भाषा प्रथम मिळाली ती या लेखनातून. ही भाषा ज्यांनी घडविली त्यांचे कार्य ‘वृत्तपत्री’ म्हणून बाजूस सारणे म्हणजे झाडाची उंची मोजताना मुळांची गणना न करण्यासारखे होय.

ठाणे, कल्याण आणि डोंबिवली या पट्ट्यातील अभ्यासकाला तर हा प्रश्न विशेष जवळचा वाटावा. संगीतसमीक्षा संभवण्यासाठी तीन गोष्टींची अनुकूलता लागते : छापखाना व वर्तमानपत्र, सार्वजनिक वाचनालय आणि गाणे ऐकविणारी संस्था. या तिन्ही गोष्टी या प्रदेशात बऱ्याच आधीपासून नांदत आल्या आहेत. ‘अरुणोदय’ हे पत्र ठाण्यास १८६६ मध्ये निघाले. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ चे, तर ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चे. कल्याण गायन समाजाची स्थापना १९२६ मधील. असे असूनही येथील श्रोत्याच्या अभिरुचीचा इतिहास सिद्ध झालेला नाही. तो का झाला नाही आणि कोणत्या साधनांनी व्हावा, हे ठरविण्यापूर्वी संगीतपत्रकारिता म्हणजे काय, ती करणाऱ्याची वाटचाल कशी होते आणि त्याच्या लेखनाचे मोल कोणत्या मापाने करावे, याचा निर्णय करणे अवश्य आहे. त्या निर्णयासाठी मराठीत सर्वांत बोलके उदाहरण आहे ते केशवराव भोळे यांचे. त्यांची कर्मभूमी मुंबई व पुणे ही होती. परंतु त्यांनी ज्या वाचकाला डोळ्यांपुढे ठेवले, तो वाचक मुंबईच्या सीमेबाहेर, आगगाडीच्या वाटेवरील गावांतूनही वाढत होता. म्हणूनच प्रथम भोळे यांचा आणि शेवटी पुन्हा या प्रदेशाचा विचार असा क्रम येथे स्वीकारला आहे.

२

केशव वामन भोळे यांचा जन्म १८९६ मध्ये अमरावती येथे झाला. वैद्यकीय शिक्षणासाठी ते मुंबईस आले; ते शिक्षण पुरे न करता ते संगीताकडे वळले. १९३० च्या सुमारास ‘वसुंधरा’ साप्ताहिकात ‘एकलव्य’ या टोपणनावाने त्यांनी गायकांवर लेख लिहिले आणि त्या लेखनाने त्यांची संगीतसमीक्षक म्हणून कीर्ती झाली. ‘शुद्धसारंग’ हे त्यांचे आणखी एक टोपणनाव. १९३३ मध्ये ‘आजचे प्रसिद्ध गायक’ हे पुस्तक आले. त्याच वर्षी ‘नाट्यमन्वंतर’च्या ‘आंधळ्यांची शाळा’ या नाटकाचे संगीत त्यांनी केले आणि लगोलग ‘प्रभात’च्या चित्रपटांचे संगीतदिग्दर्शन त्यांच्याकडे आले. १९७७ मध्ये त्यांचे निधन झाले.

हे लेखन ज्या काळात झाले त्या काळाचे स्वरूप ध्यानी घेतल्यावाचून त्याचे महत्त्व कळणार नाही. संस्थानिकांचा आश्रय क्षीण होत चालला होता. विष्णु दिगंबर पलुस्कर (१८७२–१९३१) यांनी तिकिटाचे जलसे आणि संगीतविद्यालये यांच्या द्वारे गाणे मध्यमवर्गाच्या अंगणात आणून ठेवले होते. ध्वनिमुद्रणास हिंदुस्थानात १९०२ मध्ये प्रारंभ झाला होता आणि तीन-सव्वातीन मिनिटांच्या तबकडीतून मोठमोठ्या गवयांचा आवाज घराघरात पोचत होता. मुंबईचे नभोवाणी केंद्र १९२७ मध्ये सुरू झाले. १९३१ मध्ये हिंदी आणि १९३२ मध्ये मराठी बोलपट अवतरला. अवघ्या तीस वर्षांत गाणे ऐकण्याची रीत मुळापासून पालटली. दरबारातील किंवा खाजगी बैठकीतील श्रोता हा बहुधा जाणता असे. निदान जाणत्यांच्या शेजारी बसून तो जाणता होई. तिकीट काढून येणारा, तबकडी विकत घेणारा, रेडिओपुढे बसणारा श्रोता मात्र एकटा होता. त्याला गाणे आवडत होते. का आवडते हे सांगण्यास त्याच्यापाशी शब्द नव्हते.

या श्रोत्याला उपलब्ध असलेली भाषा दोन प्रकारची होती. एक भाषा शास्त्राची. भातखंड्यांचा ‘हिंदुस्थानी संगीत पद्धति’ हा मराठीतील ग्रंथराज गुरुशिष्यसंवादाच्या रूपाने १९१० पासून भागशः प्रसिद्ध होत होता आणि त्याचा चौथा भाग १९३२ मध्ये बाहेर पडला. राग, थाट, वादी, संवादी यांची व्यवस्था तीत होती. परंतु अमुक गवयाने काल रात्री तोच राग गाताना त्याचे काय केले, हे सांगणे त्या ग्रंथाचे प्रयोजन नव्हते. दुसरी भाषा दंतकथेची. अमुक खाँसाहेबांनी अमुक दरबारात कोणाला कसे नामोहरम केले, अशा आख्यायिकांची तीत रेलचेल असे. शास्त्र रागाविषयी बोले, आख्यायिका गवयाविषयी बोले. गाण्याविषयी बोलणारी भाषा या दोहोंच्या मध्ये रिकामी राहिली होती. ती जागा भरण्याचे काम साप्ताहिकाच्या स्तंभाने केले.

३

‘एकलव्य’ हे टोपणनाव सहज सुचलेले असो वा हेतुतः घेतलेले असो, त्यात एक समीक्षादृष्टी दडलेली आहे. एकलव्य हा गुरूने नाकारलेला शिष्य. मातीच्या प्रतिमेपुढे बसून, पाहून आणि आठवून त्याने विद्या साध्य केली. ज्या क्षेत्रात ‘तालीम कोणाची?’ हा पहिला प्रश्न विचारला जातो आणि त्याचे उत्तर समाधानकारक नसेल तर दुसरा प्रश्न विचारलाच जात नाही, त्या क्षेत्रात हे नाव धारण करून लिहिणे म्हणजे ऐकण्याच्या तपश्चर्येवर आपला अधिकार उभा करणे होय. भोळे यांचे म्हणणे या नावातूनच स्पष्ट होते : घराण्याच्या शागिर्दीने मिळणारा अधिकार एक, आणि अवधानपूर्वक श्रवणाने मिळणारा अधिकार दुसरा, समीक्षकाला दुसऱ्यावाचून गत्यंतर नाही.

याचा दुसरा अर्थ वाचकाच्या बाजूने घेता येतो. तबकडी आणि रेडिओ यांच्यापुढे बसलेला नवा श्रोता हाही एक प्रकारे एकलव्यच होता. गवई त्याच्यासमोर नव्हता. त्याची प्रतिमा तेवढी होती. टोपणनावाच्या या दुहेरी अर्थामुळे लेखक आणि वाचक एका पातळीवर आले. समीक्षक वाचकाला शिकवीत नाही, त्याच्याबरोबर ऐकतो, ही भूमिका मराठी संगीतलेखनात या काळात दृढ झाली. आणि तिच्या दृढीकरणात भोळे यांचा वाटा मोठा आहे.

या भूमिकेचा परिणाम लेखनपद्धतीवर झाल्यावाचून राहिला नाही. शास्त्रग्रंथाचा घटक राग हा असतो. साप्ताहिकातील लेखाचा घटक गायक हा झाला. एका लेखात एक गायक घ्यावा. त्याच्या आवाजाची जात, त्याचा पल्ला, त्याची फेक सांगावी. आलाप आणि तान यांतील त्याची चाल कशी, शब्दांचा उच्चार कसा, लयीशी त्याचे नाते कसे, बैठक रंगविण्याची त्याची हातोटी कोणती, हे एकेक करून पाहावे. आणि शेवटी या सर्वांतून त्या गायकाचे जे व्यक्तिमत्त्व उभे राहते त्याचा निर्णय करावा, अशी ही पद्धती होय. वरवर पाहता ती व्यक्तिचित्रणाची पद्धती वाटते. परंतु तीत एक मोठे पाऊल आहे. घराण्याच्या नावाखाली सर्व शिष्यांना एका रांगेत बसविण्याऐवजी एकाच तालमीतून आलेले दोन गायक वेगळे का वाटतात, या प्रश्नाला ही पद्धती भिडते. परंपरेच्या अधिकारापेक्षा कलावंताच्या निर्मितीला, आणि निर्मितीविषयीच्या दंतकथेपेक्षा प्रत्यक्ष श्रवणाला ती प्रमाण मानते. वाङ्मयसमीक्षेच्या परिभाषेत बोलायचे तर संप्रदायाकडून कृतीकडे वळण्याची ही क्रिया होती.

तिच्या मागे साप्ताहिकाची गरजही होती, हे विसरता कामा नये. साप्ताहिकाला मर्यादित जागेत पुरे होणारे, नावावरून वाचकाचे लक्ष वेधणारे आणि पुढल्या अंकाची उत्सुकता लावणारे लेखन हवे असते. गायकामागून गायक घेणारी लेखमाला या गरजेला चपखल बसते. अर्थात् ज्याला समीक्षेची पद्धती म्हणावे ती अंशतः नियतकालिकाच्या रचनेतून जन्मली. यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. कादंबरीच्या प्रकरणांची लांबी मासिकांनी ठरविली आणि गाण्याची लांबी तबकडीने ठरविली. समीक्षेचा घटक साप्ताहिकाने ठरविला, तर तेही त्या समीक्षेचे ऐतिहासिक सत्य होय. बंधनातून रूप कसे सिद्ध झाले हे पाहणे अभ्यासकाचे काम आहे.

टोपणनावाला एक व्यावहारिक बाजूही असते. गवई, नाटकमंडळ्या, जलसे करणारे आणि समीक्षक हे सर्व एकाच लहानशा वर्तुळात वावरत असतात. ज्याच्या गाण्यावर आज लिहावयाचे त्याच्याच शेजारी उद्या बसण्याचा प्रसंग येतो. पगारी नोकरीचे कवच नसलेल्या आणि स्वतः त्याच क्षेत्रात उमेदवारी करणाऱ्या लेखकाला तर नावाचा आडपडदा हे धैर्याचे साधन ठरते. हा आडपडदा फार काळ टिकत नाही, हेही खरे. परंतु तो असेपर्यंत लिहिण्याची जी सवय जडते ती पडदा गळाल्यावरही पुष्कळ अंशी राहते.

४

१९३३ नंतर भोळे यांची वाट बदलली. ‘आंधळ्यांची शाळा’ या नाटकात पदांची संख्या मोजकी ठेवण्यात आली. स्त्रीभूमिका स्त्रियांनी केल्या. ज्योत्स्नाबाई भोळे यांचे गाणे नाटकाच्या ओघात मिसळून आले. संगीत नाटकातील पदांच्या मैफलीला सरावलेल्या प्रेक्षकांपुढे हा वेगळा प्रयोग होता. पुढे ‘अमृतमंथन’ (१९३४), ‘संत तुकाराम’ (१९३६), ‘कुंकू’ (१९३७), ‘संत ज्ञानेश्वर’ (१९४०) इत्यादी ‘प्रभात’च्या चित्रपटांचे संगीत त्यांनी केले. समीक्षक निर्माता झाला.

येथे एक प्रश्न उपस्थित होतो आणि तो टाळून भोळे यांचा विचार पुरा होऊ शकत नाही. जो स्वतः संगीत रचतो, ज्याची पत्नी नामांकित गायिका आहे, ज्याचा चरितार्थ एका चित्रसंस्थेवर अवलंबून आहे, त्याने समकालीन गायकांवर निर्णय द्यावा काय? आणि त्याने तो दिलाच तर वाचकाने त्याचे मोल कसे करावे? पुराणातील एकलव्याला विद्येबद्दल अंगठा द्यावा लागला. साप्ताहिकातील या एकलव्याला द्यावी लागलेली दक्षिणा बहुधा हीच, की निर्मितीच्या क्षेत्रात शिरताना तटस्थ निरीक्षकाचे स्थान त्याला पूर्वीसारखे ठेवता येईना. ‘आजचे प्रसिद्ध गायक’ (१९३३) आणि ‘संगीताचे मानकरी’ (१९४९) या दोन पुस्तकांत सोळा वर्षांचे अंतर आहे. ‘प्रभात’मधील त्यांच्या कामगिरीचा काळ याच अंतरात पडतो. या दोन गोष्टींत कार्यकारणभाव आहेच असे ठामपणे म्हणता येणार नाही. परंतु अंतर बोलके आहे.

तथापि या काळात समीक्षा थांबली असे मानणे उथळपणाचे होईल. तिने माध्यम बदलले. ‘कुंकू’मध्ये पार्श्वसंगीताचा परिपाठ बाजूला ठेवून प्रत्यक्ष प्रसंगातील आवाजांवरच भर देण्यात आला. हा निर्णय चित्रपट म्हणून शांतारामबापूंचा असला, तरी संगीतदिग्दर्शकाने आपले वाद्यवृंदाचे शस्त्र म्यान करून त्यात सहभागी होणे ही सामान्य गोष्ट नव्हे. संगीत कोठे असू नये हे जाणणे हा समीक्षकाचा गुण आहे. ‘संत तुकाराम’साठी शांताराम आठवले यांनी लिहिलेले एक पद इतके मुळाबरहुकूम वाटले, की ते तुकोबांचेच असावे अशी अनेकांची समजूत झाली. या यशाचे श्रेय जितके शब्दांना तितकेच चालीला दिले पाहिजे. भजनाचा घाट, टाळकऱ्याची लय आणि साध्या आवाजाला पेलेल अशी स्वरयोजना यांचे ज्याने वर्षानुवर्षे अवधानपूर्वक श्रवण केले आहे, त्यालाच अशी चाल सुचते. हा चित्रपट १९३७ च्या व्हेनिस महोत्सवात गौरविला गेला, हे सर्वश्रुत आहे. पियानो, व्हायोलिन, हवाइयन गिटार यांसारखी पाश्चात्त्य वाद्येही भोळे यांनी आपल्या चित्रपटसंगीतात वापरली. प्रसंग मागील तेथे नवे वाद्य घ्यावे आणि प्रसंग नाकारील तेथे सर्वच वाद्ये बाजूस ठेवावीत, हे औचित्याचे एकच तत्त्व या दोन्ही गोष्टींच्या मुळाशी आहे. गायकाचे परीक्षण करताना आवाज, शब्द, लय आणि प्रसंग यांचा मेळ शोधणारी दृष्टी येथे रचनेत उतरलेली दिसते.

५

नियतकालिकातील लेखन पुस्तकात येते तेव्हा त्याचे संपादन होते, आणि हे संपादन बहुधा लेखकालाच करावे लागते. भोळे यांच्या पुस्तकांची नुसती नावे क्रमाने वाचली तरी या संपादनाची दिशा कळून येते. पहिल्या पुस्तकाच्या नावात ‘आजचे’ हा शब्द आहे. तो पत्रकाराचा शब्द होय. तो छापला जाताच जुना होऊ लागतो. १९४९ च्या ‘संगीताचे मानकरी’मध्ये ‘आज’ गेला आणि मान आला. वर्तमानाचे रूपांतर गौरवात झाले. ‘अस्ताई’ (१९६२) व ‘अंतरा’ (१९६७) ही नावे बंदिशीच्या दोन अंगांची आहेत. त्यांत काळाचा निर्देशही उरला नाही. एकाच चिजेचे दोन भाग असावेत असा जीवनभरच्या लेखनाचा आकार ती सुचवितात. ‘माझे संगीत : रचना आणि दिग्दर्शन’ (१९६४) मध्ये लेखक स्वतःच आपल्या समीक्षेचा विषय झाला. आणि ‘जे आठवते ते’ (१९७४) या नावाने चक्र पूर्ण झाले : ‘आज’पासून निघालेली लेखणी ‘आठवणी’शी येऊन थांबली.

हा क्रम मनोहर आहे; परंतु संशोधकाने त्याच्या मोहात पडू नये. पुस्तकात येताना लेखाचा दिनांक, तो ज्या बैठकीच्या निमित्ताने लिहिला गेला ती बैठक, त्याच पानावरील शेजारचा मजकूर आणि पुढच्या अंकात वाचकांनी दिलेली उत्तरे ही सर्व गळून पडण्याचा संभव असतो. ‘आज’चा निर्णय ‘मानकऱ्यां’च्या पंक्तीत बसताना त्याची धार कमी होण्याचाही संभव असतो. अशा वेळी समीक्षकाचे खरे मत कोणते, साप्ताहिकातले की ग्रंथातले? याचे सुरक्षित उत्तर एकच : दोन्ही पाहावीत आणि त्यांतील फरक हाच पुरावा मानावा. ज्या लेखकाच्या बाबतीत केवळ ग्रंथच पाहिले जातात, त्याच्या पत्रकारितेचा अभ्यास झाला असे म्हणता येत नाही.

भोळे यांच्या पद्धतीच्या मर्यादाही स्पष्ट केल्या पाहिजेत. गायक हा घटक मानल्यामुळे वादकांना आणि संगतकारांना अशा लेखनात दुय्यम स्थान मिळते. गाणे शब्दांनी वर्णिलेले असल्याने, ज्याने ते ऐकले नाही त्याला निर्णय पडताळून पाहता येत नाही. आणि एकेका गायकाचे वैशिष्ट्य सांगता सांगता, या सर्व वैशिष्ट्यांना सामावून घेणारे तत्त्व कोणते, हा प्रश्न मागे पडतो. ही उणीव वामनराव देशपांडे यांनी भरून काढली. व्यवसायाने हिशेबतपासनीस असलेल्या या लेखकाने स्वर आणि लय ही दोन टोके कल्पून त्यांच्या दरम्यान घराण्यांची मांडणी केली. किराणा स्वराच्या टोकाशी, आग्रा लयीच्या टोकाशी आणि जयपूर या दोहोंचा समतोल साधणारे, अशी ती मांडणी सर्वपरिचित आहे. परंतु वामनरावांचा वाचक हे विवेचन समजू शकला, तो तीस वर्षांपूर्वीच साप्ताहिकांनी त्याचे कान आणि त्याची भाषा तयार केली होती म्हणून. सिद्धांताच्या आधी वर्णन यावे लागते, आणि वर्णन करणारे हात बहुधा पत्रकाराचे असतात.

संपादनाच्या संदर्भात दुसरी तुलना प्रा. बा. र. देवधर यांच्याशी करता येईल. मिरजेस जन्मलेल्या देवधरांनी (१९०१–१९९०) मुंबईत संगीतविद्यालय चालविले आणि गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या ‘संगीत कला विहार’ या मासिकाचे संपादन केले. ‘थोर संगीतकार’ हे त्यांचे पुस्तक प्रसिद्धच आहे. देवधरांच्या लेखनामागे संस्था होती, विद्यालय होते, परीक्षांच्या निमित्ताने निश्चित झालेला वाचकवर्ग होता. त्यामुळे त्या मासिकाला सातत्य लाभले आणि त्याचे अंक जपले जाण्याची शक्यताही वाढली. भोळे यांच्या ‘एकलव्या’मागे असे काही नव्हते. स्वतंत्र लेखकाला मोकळेपणा मिळतो. पण त्याच्या लेखनाचा सांभाळ करणारा कोणी नसतो. संस्थेच्या मुखपत्रातील लेखन टिकते. पण त्याला संस्थेचे धोरण सांभाळावे लागते. मराठी संगीतपत्रकारितेचा इतिहास या दोन स्थितींच्या ताणातून घडलेला आहे, आणि त्याचे मूल्यमापन करताना कोणते लेखन कोणत्या स्थितीत झाले हे प्रथम सांगितले पाहिजे.

६

आता आरंभीच्या प्रश्नाकडे वळता येईल. १८५३ मध्ये ठाण्यापर्यंत आणि १८५४ मध्ये कल्याणपर्यंत लोहमार्ग आला. पुढील शतकात या मार्गालगत जी वस्ती वाढली, तिचा मोठा भाग मुंबईत नोकरी करणाऱ्या आणि रात्री घरी परतणाऱ्या मध्यमवर्गाचा होता. या वर्गाचे गाण्याशी नाते मुंबईच्या जलशाइतकेच तबकडी, रेडिओ, गणेशोत्सवातील बैठकी आणि गावातील गायनसंस्था यांच्या द्वारे जडले. शेवटच्या गाडीचे वेळापत्रक ध्यानात ठेवून मैफल अर्ध्यावर सोडणारा हा श्रोता राहिलेली मैफल वर्तमानपत्रात वाचीत असे, असे म्हटल्यास फारशी अतिशयोक्ती होणार नाही. ‘एकलव्या’चा वाचक तो हाच, किंवा याचाच भाऊबंद.

या प्रदेशाने केवळ श्रोतेच दिले असे नाही. लहानपणी ‘प्रभात’च्या चित्रपटांतून भूमिका केलेले संगीतभूषण राम मराठे (१९२४–१९८९) पुढे ठाणेकर झाले, त्यांच्या स्मरणार्थ ठाणे महानगरपालिकेने संगीतसमारोहाची प्रथा पाडली. कल्याण गायन समाजाने भास्करबुवा बखले (१८६९–१९२२) यांच्या स्मृतीस वाहिलेला देवगंधर्व महोत्सव चालविला. ठाण्यास गडकरी रंगायतन १९७८ मध्ये उभे राहिले. कल्याण व डोंबिवलीतही नाट्यगृहे झाली. या सर्व ठिकाणी जे गायिले गेले त्याचे वर्णन कोणी ना कोणी लिहून ठेवले असणारच : स्थानिक दैनिकात, साप्ताहिकात, संस्थेच्या स्मरणिकेत, अहवालात. लिहिणारे बहुधा शिक्षक, कारकून, वकील किंवा स्वतः गाणे शिकणारे. मानधन घेऊन वा न घेता, टोपणनावाने वा अनामिकपणे लिहिणारे. त्यांच्यापैकी प्रत्येक जण केशवराव भोळे नव्हता, हे उघड आहे. परंतु त्यांनी कोणते शब्द वापरले, कशाला दाद दिली, कशाविषयी मौन पाळले, यांवरूनच या प्रदेशाच्या अभिरुचीचा आलेख काढता येईल. अन्य मार्ग उपलब्ध नाही. कारण गाणे हवेत विरून गेले आहे आणि ऐकणारे एकेक करून काळाच्या पडद्याआड जात आहेत.

यासाठी पदव्युत्तर अभ्यासकाने करावयाचे काम साधे पण कष्टाचे आहे. ठाणे व कल्याण येथील जुन्या ग्रंथालयांतील नियतकालिकांचे बांधीव खंड पानापानाने पाहावेत. संगीतविषयक मजकुराची सूची करावी. तीत लेखाच्या नावाबरोबर दिनांक, स्तंभ, टोपणनाव आणि ज्या बैठकीवर तो लिहिला ती बैठक यांची नोंद असावी. गायनसंस्थांच्या कार्यक्रमपत्रिका व स्मरणिका या सूचीशी ताडून पाहाव्यात. जेथे एखादा लेख पुढे पुस्तकात आला असेल तेथे दोन्ही पाठ समोर ठेवून फरक टिपावेत. संतांच्या अभंगांच्या पाठचिकित्सेला जो काटेकोरपणा मराठी विभागांत सहज मान्य केला जातो, तोच वृत्तपत्रातील स्तंभाला लावण्यास संकोच वाटू नये.

भोळे यांच्या वाटचालीने शिकविलेली गोष्ट ही, की संगीतपत्रकाराचा अधिकार घराण्यातून येत नाही आणि पदवीतूनही येत नाही. तो सावध कानातून आणि वाचकाशी राखलेल्या प्रामाणिकपणातून येतो. असा अधिकार पदरी असलेल्या माणसाला समाजाने स्थिर वेतन, संरक्षण किंवा निश्चित स्थान क्वचितच दिले. त्याला दुसऱ्या उद्योगाचा आधार शोधावा लागला, आणि त्या आधाराने कधी त्याची लेखणी समृद्ध केली, कधी तिला गप्प बसविले. भोळे यांना चित्रपटसंगीताचा आधार मिळाला आणि उत्तरायुष्यात आपले लेखन ग्रंथरूपाने सिद्ध करण्याइतका अवकाश लाभला. ज्यांना तो लाभला नाही त्यांचे लेखन अद्याप पिवळ्या पडलेल्या पानांत आहे. ती पाने उलटली जात नाहीत तोवर मराठी संगीतसमीक्षेचा जो इतिहास लिहिला जाईल तो ग्रंथकारांचा इतिहास असेल; श्रोत्यांचा इतिहास लिहावयाचा राहिलेलाच असेल.